थुंकीचा कौल

हिरड्यांच्या आजारावर कुणी लिहीत नाही. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस सदऱ्याची बटणं काढून टाके दाखवतो. कॅन्सरमधून उठलेल्या बाईकडे लोक शहाळी घेऊन येतात, तिचा हात हातात घेतात. हिरड्या सडल्या म्हटलं की समोरचा जरा मागे सरतो आणि विचारतो, "दात घासत नव्हतात काय?" घासत होते हो. रोज घासत होते. कशाने, ते पुढे सांगते.

मी सातवी शिकलेली बाई. पत्राच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि पत्रं पण आता बंद झाली. लिहायला सांगितलं ते मृणाल डॉक्टरणीने. माझ्या हिरड्यांवर उपचार तिनेच केले. म्हणाली, "आजी, तुम्ही बोलता तसंच लिहा. इथे नवीन येणाऱ्या बायका घाबरलेल्या असतात, त्यांना वाचायला देऊ." मी म्हटलं, "माझं वाचून त्या अजून घाबरतील गो." तर म्हणाली, "घाबरू देत, पण खरं लिहा." म्हणून खरं लिहिते. धीर द्यायला माझ्याकडे फार धीर उरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तोंडातला घास

आमचं घर मालवणच्या पुढे, खाडीकाठी. घरधनी गेल्यापासून मी एकटीच. मुलगा प्रशांत गोव्यात औषधांच्या कारखान्यात कामाला. रोज जायला यायला सोयीचं म्हणून तो आणि सून रेश्मा बांद्याला भाड्याने राहतात. रेश्माचं माहेरही तिथलंच, आणि बाजारात कापडाच्या दुकानात ती उभी असते. दोघंही दिवसभर बाहेर, मग पोर कोण सांभाळणार? माझी नात अन्वी चालायला लागली तशी माझ्याकडेच राहिली. आईबाप रविवारी यायचे, संध्याकाळी जायचे. पोरगी त्यांना दारातूनच हात हलवायची आणि परत माझ्या पदराखाली.

ती मासे खायला शिकली ती माझ्या तोंडातून. हे आता लिहायला लाज वाटते, पण आमच्याकडे यात लाजेसारखं काही नव्हतंच. कर्ली म्हणून एक मासा असतो. चवीला असा की पाहुण्यासाठी राखून ठेवावा, आणि काटे असे की पाहुण्याला वाढताना भीती वाटावी. केसासारखे बारीक काटे, मासात आडवेतिडवे घुसलेले. बोटांना ते सापडत नाहीत, डोळ्यांना तर नाहीतच. जिभेला सापडतात. तुकडा तोंडात घ्यायचा, जिभेने फिरवायचा, एकेक काटा ओठांवर आणून काढायचा आणि राहिलेला मऊ घास पोराच्या तोंडात द्यायचा. माझ्या आईने मला असंच भरवलं, मी प्रशांतला.

अन्वी पाट ओढून माझ्यासमोर बसायची. प्रत्येक घासाला विचारायची, "आजी, काटो नाय मां?"

"नाय गो. काटो आजीन खाल्ल्यान."

मग तोंड उघडायचं. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी ठेवलेला मला आठवत नाही. घरधन्यांनीही नाही.

मिशेरी

लग्न होऊन आले तेव्हापासून मी मिशेरी लावते. म्हणजे लावत होते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळायची. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाली की एकदा, आणि मग सवय लागली की मोजतं कोण. वाडीतल्या सगळ्या बायका लावायच्या. डबी हातोहात फिरायची, तिच्यावर गप्पा व्हायच्या.

हिरड्या शिवशिवायच्या, मिशेरी लावली की गप्प बसायच्या. तोंडाला वास यायला लागला तेव्हा वाटलं पोटातलं काहीतरी असेल. पुढच्या दोन दातांत फट पडली तेव्हा वाटलं वय झालं. मग एके दिवशी घावणा खाताना, घावण्यासारखी मऊ वस्तू खाताना, वरचा एक दात न दुखता, न रक्त येता, आपणहून हातात आला. किडका असता तर समजले असते. चांगला धडधाकट दात होता तो, मुळासकट.

शेजारच्या शेवंताला दाखवला. ती म्हणाली, "गो सुमन, हो दात तुका कंटाळलो. किती बडबडतंस ता बघ!"

दोघी हसलो. मी पदर तोंडावर धरून हसले. कधीपासून पदर धरून हसायला लागले होते, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

महिनाभरात गाल सुजला. हिरडीतून पू यायला लागला. मालवणच्या दातांच्या डॉक्टरांनी आत बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "माझ्याच्याने होणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात जा."

तो दिवस

रेश्माने दुकानातून सुट्टी घेतली आणि मला दातांच्या हॉस्पिटलात नेलं. अन्वी बरोबर. तिला ठेवणार कुठे?

खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा. मृणाल डॉक्टरीण तेव्हा मला फार लहान वाटली, चष्मा आणि मास्कच जास्त. तिच्या हातात बारीक सळी, सळीवर खुणा. ती सळी दात आणि हिरडी यांच्या मध्ये घालायची आणि किती आत गेली ते मोठ्याने सांगायची. दुसरी मुलगी लिहून घ्यायची. "पाच. सहा. सहा. आठ." किनाऱ्यावर मासळीची बोली चढते तसा आकडा चढत होता. मला काही समजत नव्हतं, पण लिहिणारी मुलगी एकदा हात थांबवून माझ्याकडे बघून गेली. तेवढ्यावरून समजलं.

मग तिने एक्स-रे दाखवला. मी मऊ शब्दांत सांगत नाही, जसं दिसलं तसं सांगते. उधाणात समुद्र किनाऱ्याची वाळू काढून नेतो, माडांची मुळं उघडी पडतात आणि माड नुसता उभा दिसतो. उभा असतो, पण धरलेला कशाने नसतो. माझे दात तसे होते. खालचं हाड झिजून गेलं होतं.

"आजी, हा एका दिवसाचा आजार नाही. बऱ्याच वर्षांचा आहे," ती म्हणाली. मग साखर तपासायला सांगितली. ती पण निघाली. मग विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आधीच रेश्माच्या मांडीवरून अन्वी ओरडली, "मी आसय! आजी माका तोंडातलो घास दिता!"

केवढ्या अभिमानाने सांगितलं पोरीने.

डॉक्टरणीने मास्क खाली केला. तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते, कारण पुढे घरात त्याचं भलतंच झालं. ती म्हणाली, "हे जंतू थुंकीतून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. गेले म्हणजे आजार होतोच असं नाही. घाबरू नका. पण तोंडातला घास देणं आजपासून बंद."

रेश्माने 'जाऊ शकतात' एवढंच ऐकलं. मी 'बंद' एवढंच ऐकलं. आणि अन्वीला रेश्माने मांडीवर जरा आत ओढून घेतलं. माझ्यापासून वीतभरच लांब केलं असेल, पण त्या खुर्चीत मला ती दर्याच्या पलीकडे गेल्यासारखी वाटली.

राखणदार

त्याच दिवशी मृणाल डॉक्टरणीने मला विचारलं, "आमचा थुंकीवर अभ्यास चालू आहे. तुमची थोडी थुंकी द्याल? एकदा उपचाराआधी, एकदा उपचार संपल्यावर."

माझ्या थुंकीत जंतू म्हणून आत्ताच सांगितलेलं, आणि ही मागून घेते! मी विचारलं, "तिचं काय करतलास?"

तिने समजावलं. शरीराच्या पेशींवर शत्रूला ओळखणारे असतात. जंतू आला की तेच पहिले ओळखतात, आरोळी देतात, मग लढाई सुरू होते. लढाई फार पेटली की त्यांतले काही तुटून थुंकीत वाहून येतात. ते किती आले हे मोजलं, तर सळी न घालता, रक्त न काढता हिरडीत काय चाललंय ते कळेल का, हे ती लोकं शोधत होती.

"म्हणजे राखणदार," मी म्हटलं. आमच्याकडे गावाच्या शिवेवर राखणदार असतो, रात्रीबेरात्री परका कोण आला ते तो बघतो असं मानतात.

ती हसली. ती पण आमच्याच जिल्ह्यातली, आतल्या गावची. "व्हय आजी, राखणदारच."

"मगे थुंकीक इचारला काय ती सांगतली?"

"सांगते का, तेच तर बघायचंय. अजून नक्की काही नाही. आणि नमुन्यावर तुमचं नाव नसेल, नुसता नंबर. तुम्हाला रिपोर्ट मिळणार नाही, चालेल ना?"

मी म्हटलं, व्हय. आमच्या बायका हॉस्पिटलात सगळ्यालाच व्हय म्हणतात. समजलं तरी व्हय, नाही समजलं तरी व्हय. ना म्हटलं तर डॉक्टर रागावेल, एवढंच आम्हाला ठाऊक. वाचणाऱ्या बायांनो, एवढं मात्र माझं ऐका, व्हय म्हणण्याआधी एकदा परत विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा न पिता जायचं होतं, म्हणून ती रात्र, तिथून जवळ पडतं म्हणून, बांद्याला रेश्माच्या खोलीवर काढली. थुंकायचं नाही, डॉक्टरीण म्हणाली. मान खाली घालून बसायचं आणि तोंडात येईल ते नळीत आपसूक गळू द्यायचं. लेकीएवढ्या मुलीसमोर लाळ गाळत बसले होते. नळीत तळाला पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात लाल दोरा. माझ्या तोंडातून निघालेलं ते मी पहिल्यांदाच नीट बघितलं. तोवर मी ते पोरीला भरवत होते.

बांद्याला

मालवणला परतताना एस.टी.त रेश्माने अन्वीला मांडीवर निजवलं. मग म्हणाली, "आई, तुमी रागावू नकात. अन्वीक मी बांद्याक नेतंय. माझी आई बघीत."

"तोंडातलो भरवूचंय नाय मी तिका. हातान भरवतंय."

"तुमी नाय भरवल्यात तरी ता मागतला. तुमका नाय म्हणूक येतला?"

रेश्मा वाईट नाही. पुढे तीच म्हणाली, "दुसऱ्यांदा थुंकी घेवचे आसत मां ते? तेवा बरा इला, तर मी स्वतः आणून ठेवतंय. माका तरी खंय आवडता असा?"

झालं. त्या एका वाक्याला मी धरलं.

आमच्याकडे देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न ठरवताना कौल, होडी पाण्यात घालताना कौल, कोर्टात जाताना कौल. माणूस फिरेल, कौल फिरत नाही. मी त्या थुंकीच्या नळीला कौल समजले. रेश्मापण समजली. राखणदार खाली उतरले किती आणि जागेवर राहिले किती, ते मशीन सांगेल. उजवा आला की पोरगी घरी. दोघींनी मनात असं पक्कं करून टाकलं, आणि ज्यांची ती नळी होती त्यांना विचारलंच नाही.

प्रशांतला फोन केला. "आये, तू समजून घे. तिचा पण खरा आसा."

"आणि माझा?"

"तुझा पण खरा आसा," तो म्हणाला. अशा मुलाला काय करायचं? माझ्याकडूनही बोलतो, तिच्याकडूनही बोलतो, आणि रविवारी यायचं मात्र त्याचं कमी होत गेलं.

बाक

मग सुरू झाली ती ये-जा. पहाटेची एस.टी., मध्ये बदलायची, मग हॉस्पिटलातला लांब बाक. त्या बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांचा पदर तोंडावर. नवीन बाई आली की आम्ही सरकून जागा द्यायचो, पण बोलायचं कुणी नाही, कारण बोललं की वास. मी एवढी बडबडी बाई, पण त्या बाकावर मुकी.

दात मुळापर्यंत खरवडतात. सुई देतात, म्हणून दुखत नाही, पण आवाज कवटीत घुमतो. होडी किनाऱ्यावर उलटी घालून तळाला चिकटलेली कालवं खरवडतात ना, अगदी तसा. फरक एवढाच की आता होडी मीच.

एकदा हिरडी उघडून साफ केली, टाके घातले. बाहेर आले तर तोंडातलं रक्त थांबेना, पदर भिजला. बाजूला खारेपाटणकडची एक बाई बसली होती. ओळख ना पाळख. तिने आपल्या पिशवीतला धुतलेला पंचा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच." तिचा नंबर पुकारला, ती आत गेली, परत कधी दिसली नाही. त्या सगळ्या महिन्यांत मला मिळालेलं सुख विचाराल तर तो पंचा.

मिशेरी सोडायला लावली. सोडली. आणि मग हिरड्यांतून जास्तच रक्त यायला लागलं! चूळ भरली की लाल. मी घाबरले. म्हटलं, मिशेरी होती तोवर चूळ लाल होत नव्हती, हिनेच दात धरून ठेवले होते. डबी शोधायला लागले. शेवंता पण म्हणाली, "बघ, मी सांगी होतंय. चिमूटभर लाव." नशीब, त्या दिवशी हॉस्पिटलची तारीख होती. मृणाल डॉक्टरणीने सांगितलं, तंबाखूने हिरडीतलं रक्त दबून राहतं. आजार आत वाढत असतो आणि बाहेर काही दिसत नाही. सोडलं की खरं दिसायला लागतं. "मिशेरीने आजार नाही थांबवला आजी, आजाराची खबर थांबवली."

वाचणाऱ्या बायांनो, हे लक्षात ठेवा. मिशेरी सोडल्यावर रक्त आलं म्हणून परत लावू नका. माझ्या वाडीतल्या निदान तीन बायकांनी याच कारणाने परत लावली. मी सांगून दमले. माझंच तोंड उदाहरण म्हणून उघडून दाखवलं, तरी नाही.

अन्वीचा फोन यायचा, रेश्माच्या मोबाईलवर, तोंड दिसतं त्यातला. पोरगी पहिल्या दिवसापासून एकच विचारायची, "आजी, तोंड कित्याक झाकतंस?"

मी म्हणायचे, "थंडी लागता गो."

मालवणात, वैशाखात, थंडी.

वरचे दात

डॉक्टरणीने पुष्कळ प्रयत्न केले. पण वरचे दात राहणार नाहीत, हे तिने एके दिवशी स्टूल ओढून, माझ्या बरोबरीने बसून सांगितलं. खालचे पुढचे तेवढे वाचतील म्हणाली. मी विचारलं, "कर्लीचे काटे काढूक कुठचे दात लागतत?" तिला कळलं नाही. कळायचं काही कारणच नव्हतं.

काढायच्या दिवशी शेवंता बरोबर आली. परतताना गाडीत मला हसवायला बघत होती. "सुमन, आता तू गाळ्यो घातलंस तरी कोणाक कळाच्यो नाय. सगळ्यो हवेतच जातल्यो." मी हसले नाही. तोंडात कापूस होता, आणि कापूस नसता तरी हसले नसते. मग तिने माझ्या मांडीवर हात ठेवला.

ओठ आत गेले. आरशात माझी सासू दिसली, तिच्या शेवटच्या वर्षातली. कवळी केली, पण खाली हाडच नाही तर कवळी बसणार कशावर? बोलले की खाली येते, जेवले की सरकते. घरात असले की काढून वाटीत ठेवते. पेज खाते, आमटीत कालवलेला भात खाते. माशाची आमटी मिळते, मासा बघायला मिळतो.

संध्याकाळी वाडीत मुलं ओरडत खेळतात, तेव्हा मी दार लावून घ्यायला लागले. लोक विचारायचे, नात खंय? सुट्टीक गेली, मी सांगायचे. केवढी मोठी सुट्टी, असं कुणी विचारलं नाही. आजूबाजूच्यांना सगळं ठाऊक होतं. थुंकीचा आजार, एवढंच त्यांना समजलं होतं. माझ्या घरचं पाणी प्यायचं काहींनी सोडलं. ते मी मनावर घेतलं नाही म्हणते, पण घेतलं.

मला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती. दुसरी थुंकी.

दुसरी थुंकी

तो दिवस आला. मान खाली घालून बसले, नळी भरली. उजेडात धरून बघितली. स्वच्छ. लाल दोरा नाही. मला एवढा आनंद झाला की तिथल्या तिथे रेश्माला फोन केला. "स्वच्छ आसा गो! आता निकाल येवंदे."

ती पण खुश झाली. खरंच झाली. म्हणाली, "आई, अन्वीची फ्रॉका तुमच्याकडेच ठेवलंसय मी, माहित आसा?"

मग वाट बघितली. फोन आला नाही. मीच लावला. मृणाल डॉक्टरीण म्हणाली, "आजी, मी तेव्हाच सांगितलं होतं. रिपोर्ट मिळत नाही. सगळ्यांच्या नमुन्यांचा मिळून अभ्यास होतो. तुमचा नंबर कुठला, हे आता मलाही बघता येत नाही."

"माका सगळ्यांचा नको. माझा सांग."

"तुमच्या हिरड्या आता बऱ्या आहेत. मी डोळ्यांनी बघितलंय, सळीने मोजलंय. हे मी सांगते ना."

"ता खरां गो. पण थुंकी काय म्हणता? उजवो काय डावो, तेवढाच सांग गो बाय."

ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, हा कौल नाही. कौल देण्याइतकं आम्हालाच अजून समजलेलं नाही."

तिचा काही दोष नाही. तिने सांगितलं होतं, आणि मी व्हय म्हटलं होतं. उलट तिने आपणहून रेश्माला फोन केला, हिरड्या बऱ्या झाल्याचं सांगितलं. "आजी सांभाळू शकतात, काही हरकत नाही. फक्त तोंडातला घास नको, चमचा-भांडं वेगळं ठेवा."

संध्याकाळी रेश्माचा फोन. "आई, ते म्हणतत बरा आसा. पण तपासणीत काय इला ता त्यांकाच म्हायत नाय. आणि वर, चमचो वेगळो ठेवा. मगे बरा म्हणजे काय?"

बरा म्हणजे काय, हे मी पण रोज वाटीतल्या कवळीकडे बघून विचारत होते.

"आणि आता हयसर बांद्याच्या शाळेत नाव घातला तिचा," ती म्हणाली.

कर्ली

प्रशांत, रेश्मा आणि अन्वी आली ती गणपतीनंतर, एका सुट्टीला. अन्वी उंच झालेली. दारात थबकली, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग धावत येऊन बिलगली. मी मान वर केली, माझा श्वास तिच्यावर जाऊ नये म्हणून.

प्रशांतने येताना कर्ली आणली होती. का आणली, ते मी विचारलं नाही. मी तळली. अन्वीने पाट ओढला आणि माझ्यासमोर बसली, जशी पूर्वी बसायची. एक तुकडा उचलला आणि माझ्या तोंडाजवळ धरला.

"आजी, काटे काढ."

रेश्मा समोरच होती. तिने ते बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग उठली, "पाणी आणतंय" म्हणाली आणि आत गेली. पाण्याचा तांब्या ताटाजवळच होता, भरलेला. प्रशांत खाली मान घालून जेवत राहिला.

म्हणजे कुणी अडवत नव्हतं. आयुष्यात मी जे मागितलं होतं ते माझ्या तोंडासमोर दोन बोटांवर होतं. जीभ आत हलली, मी खोटं सांगत नाही. आणि त्याच वेळी मला ती नळी दिसली, तळाचा तो लाल दोरा. मी ओठ मिटले. दुसऱ्या कुणी मिटायला लावले नाहीत. रेश्माची भीती तिच्यातून निघून कधी माझ्यात येऊन बसली, मला कळलंच नाही. माझ्या तोंडावर आता माझाच विश्वास नाही.

"नको गो. हातान काढतंय," मी म्हटलं.

बोटांनी काढायला बसले. साखरेने बोटांची टोकं बधिर झालेली, चष्मा लावूनही काटा दिसेना. तरी काढले, होते तेवढे काढले. घास दिला. अन्वीने यावेळी विचारलं नाही, काटो नाय मां म्हणून. नुसतं तोंड उघडलं. एकदा चावलं, थांबली, आणि सगळा घास ताटात टाकला.

रागावली नाही. रडलीसुद्धा नाही. माझ्या बोटांकडे बघत शांतपणे म्हणाली, "आजी, तुका काटे काढूक येनत नाय."

मग आत बघून हाक मारली, "मम्मी, माका अंडा होया."

रेश्माने अंडं तळून आणलं. अन्वीने स्वतःच्या हाताने, ताट पुसून खाल्लं. मी तिच्यासमोर बसून होते. अंड्याला काटे नसतात.